चौदा डबे

त्या एप्रिलात पभामामा
दांडिया बाजारातून स्कूटरवर निघायचा,
हँडलला दोन्हीकडे पिशव्या.
दारात डबा ठेवून बेल मारायचा
आणि चार पायऱ्या खाली उभा राहायचा
कडी वाजेपर्यंत.
वरणभात, लिंबाची फोड. बस.
मामी म्हणायची, आज मीठ कमी पडलंय.
चव कुणाला कळतेय आत्ता, म्हणायचा तो.

मग त्यालाच कळेनाशी झाली.

आम्ही सयाजी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंतच.

दिवाळीनंतर डबे परत यायला लागले.
झाकणावर कोरलेलं : प्र. ह. खानविलकर, १९७९.
नाव विचारत विचारत लोक घर शोधत आले,
आणि रिकामा डबा कुणी आणला नाही.
हिनाबेननी सुखडी भरलेली.
वाडीतल्या निवृत्त मास्तरांनी तांदूळ, वर सुपारी.
एकात नुसती साखर.
हॉस्टेलचा मुलगा होता तो,
म्हणाला, मला काही करता येत नाही, काकी.

मामीनं डबे घासले, पालथे घातले, मोजले.
तेरा.
मी म्हटलं, विचारू का कुणाला?
नको, म्हणाली,
राहू दे तिकडेच.
दुसऱ्या कुणाचं मीठ पडू दे त्यात.