बेट, बारा बाय आठ

वडिलांच्या स्टुडिओत एक बेट होतं.
चोपड्यात, शिरपूर रस्त्याला, पिठाच्या गिरणीला लागून.
गिरणी सुरू झाली की समुद्र हलायचा.

लांबी बारा फूट, उंची आठ.
पूर्वेला खिळा, पश्चिमेला खिळा,
मधोमध आडवी घडी.
तिलाच आम्ही क्षितिज म्हणायचो.

रंगवलं गुलशेर तडवीने,
अडावदहून सायकलवर येऊन-जाऊन, एकवीस दिवस.
समुद्र त्याने पाहिला नव्हता.
हतनूरचे दरवाजे उघडलेले पाहिले होते एकदा,
म्हणून लाटा सगळ्या एकाच दिशेने निघालेल्या,
घाईत,
पुढे कुणाचं तरी गाव असल्यासारख्या.
झाडं नारळाची, सात.
पानं मात्र केळीची, वाऱ्याने चिरलेली,
अगदी जिथे चिरतात तिथेच चिरलेली.
तेवढं त्याला पाठ होतं.

वैशाखात बाहेर शेहेचाळीस.
बेटावर हजाराचे दोन दिवे लागले
की आम्ही मोजणं सोडून द्यायचो.
पावडर ओघळे, नवरदेवाची टाय मानेला चिकटे,
वडील गोणपाट भिजवून दारात टांगत
आणि म्हणत, घ्या, खारा वारा.

माणसं येत, पाच मिनिटं राहत, जात.
वैजापूरची एक पावरा मुलगी, गळाभर चांदी,
चपला काढून उभी राहिली,
पाणी इतकं जवळ होतं.
केळीचे घड वाहणारे चौघे
सदऱ्यावरचे चिकाचे डाग एकमेकांच्या खांद्याआड लपवत.
भरतीला निघालेला हिंमत बाविस्कर:
अर्जाला पांढरा पडदा,
आईसाठी बेट.

आणि सुपडू आबा महाजन.
भिंतीवर लावायचा फोटो काढायला स्वतःच आले, टोपी धुऊन.
वडील पडदा गुंडाळू लागले तर म्हणाले,
"पानी राहू दे मांगे, भो.
तठे गरम व्हई का थंड, कोनले मालूम."

मागच्या वर्षी लेकीने मला खऱ्या बेटावर नेलं.
सगळं होतं. दमट हवा, ऊस,
दुपारी येऊन दहा मिनिटांत विसरून जाणारा पाऊस,
रस्त्याकडेला केळी विकणारी बाई,
आपल्यापेक्षा बोटभर आखूड केळी.
लाटा मात्र येऊन परत जात होत्या.
हे गुलशेरला कुणी सांगितलं नव्हतं.

लेक म्हणाली, पप्पा, उभे राहा.
मी हनुवटी खाली घेतली, खांदे सैल केले,
वडील सगळ्यांना सांगत तसा श्वास धरला.
समुद्राने धरला नाही.
मागे वळून पाहिलं, नुसतं निळं,
कुठे घडी नाही.
फोटोत माझी पाठ आली.

पडदा गिरणीवाल्या युसुफने नेला,
ज्वारीच्या पोत्यांवर टाकायला.
पिठाने किनारा कुठवर आला ते कळत नाही आता.
सातांपैकी चार नारळ दिसतात,
पट्टा फिरू लागला की
तेही नीट दिसत नाहीत.