फेरपडताळणी

एरंडोलच्या कोर्टात पंखा आहे, फिरतोही,
फक्त हवा त्याच्या हद्दीत येत नाही.
बाकावर आम्ही सहा जण,
सहाही जणांचे फोटो अंजनीच्या पुलाअलीकडचे,
पाठमोरे, नंबरप्लेटसकट.

हिलाल आप्पांची लूना आहे.
कागदावर तिचा वेग ताशी एकशे चार.
"मन्ही गाडी इतली पयनी ना,
ते तिले देव्हारामा ठेवसू मी,"
म्हणाले, आणि शिपाईसुद्धा हसला.

नसीर तडवी रावेरहून केळी नेतो.
म्हणतो, दंड महिन्याने भरला तरी चालतो,
केळीला महिना कुठून आणू?
कोकिळा टीचरची गाडी त्या दिवशी धुळ्याला गॅरेजात होती;
म्हणजे कुणीतरी पोऱ्या ती पारोळ्यापर्यंत
हवा खायला घेऊन गेला, सात वेळा.

माझी पाळी आली.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो.
अमळनेर, चोपडा, बोदवडचा बाजार,
सोनारांचे काटे, रॉकेलची मापं, कापसाचे वजनकाटे.
किलोच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं,
शिशावर मी साल आणि तिमाही ठोकायचो.
ठोकल्याचा आवाज दुकानदार मान खाली घालून ऐकायचे.

तेव्हा मी एवढंच विचारलं :
हा कॅमेरा शेवटचा कुणी तपासला?
कोणत्या तारखेला? शिक्का कुठाय?
मे महिन्यात तिथे डांबर पाघळतं,
समोर पाणी दिसतं, ते पाणी पुढे पुढे पळतं,
त्याचा वेग किती नोंदवलाय?

सरकारी वकिलांनी फाईल पुढून मागे चाळली,
मग मागून पुढे.
न्यायाधीश बाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या.
"प्रमाणपत्र?"
"मागवलंय, मॅडम."
"मागच्या दोन तारखांनाही मागवलेलंच होतं."
दंड रद्द.
बाकावर कुणीतरी चक्क टाळी वाजवली आणि दटावून घेतलं.

मला कुणी विचारलं नाही, तुम्ही किती वेगात होता.
कायद्याला त्याची गरज उरली नव्हती.

काटा अठ्ठ्याण्णववर होता.
दवाखाना नव्हता, गाडी चुकत नव्हती.
रस्ता नवा होता आणि घरी कुणी वाट बघत नव्हतं,
पाय जरा जड झाला, इतकंच.

आणि आता विषय निघालाच आहे तर
त्र्याण्णव सालची चोपड्याची जिनिंग.
दुपारचे दोन, पत्र्याखाली कापसाची धूळ,
मॅनेजरने उसाचा रस मागवला, आलं घालून.
कसोटीची वजनं जीपमध्येच राहिली.
वीस-वीस किलोची, कोण उतरवणार त्या उन्हात?
मी ग्लास ठेवला आणि शिक्का मारला.
त्या हंगामात त्या काट्यावरून
किती बैलगाड्या गेल्या, मी मोजल्या नाहीत.
गाडीवाल्यांपैकी कुणीही विचारलं नाही,
साहेब, तारीख कोणती, तपासलं कुणी.
ते शिक्क्याकडे बघायचे आणि पावती खिशात घालायचे.

बाहेर कडुलिंबाखाली टायपिस्टची टेबलं.
हिलाल आप्पांनी माझा हात धरला तो सोडेनात.
"आते मन्हा बी अर्ज लिखी द्या, भाऊ."
मी खिशातून पेन काढलं.
नाव, गाव, गाडीचा क्रमांक,
कॅमेऱ्याची पडताळणी झाल्याचा पुरावा नाही,
सगळं हातातून आपोआप उतरत गेलं.

मग मी विचारलं, आप्पा, खरा वेग किती लिहू?
हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

त्यांनी लूनाकडे बघितलं,
सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, हँडलला डबा.
"तीस लिखा," म्हणाले.
पेन कागदाला लागतंय तोच बोट वर केलं :
"थांबा. उतारवर बत्तीस."