न वापरलेलं

ग्रिम्सबीच्या गोदीवरचा वारा
खिडकी बंद असली तरी माशांचा वास आत आणतो.
किरॉन ब्लँचर्डची फाइल उघडते.
आधी ते वाचायचं, जे त्यांना दाखवायचंय:
आरोपपत्र, जबान्या, डॉक्टरचा दाखला,
एक्स-रेमध्ये जबड्यावर पांढरी रेघ, केसाएवढी.
तो जबडा कुणीतरी तोडलाय, हे मी विसरत नाही.
विसरले असते तर काम सोपं झालं असतं,
आणि वाईट.

मग दुसरी यादी.
'न वापरलेलं साहित्य', असंच तिचं नाव.
त्रेसष्ट नोंदी. प्रत्येकीला एक ओळ,
आणि शेवटच्या रकान्यात तेच ते वाक्य:
खटल्याशी संबंध नाही.
नको झालेलं माळ्यावर सारावं तसं कुणीतरी सारलंय
चिप्सच्या दुकानातलं पावत्यांचं भेंडोळं,
टॅक्सीवाल्याची वही,
हवालदाराची डायरी, भिजून शाई फुटलेली.
एक्केचाळीस: फोन, महिला, चार मिनिटं.

किरॉन कोठडीतून विचारतो, अजून किती दिवस?
मासे सोलायच्या कारखान्यात त्याची जागा
महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलीय.
वाचतेय, मी म्हणते.
मी नव्हतो तिथे, तो म्हणतो.
हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकतेय.
कधी कधी खरं असतं.
आवाजावरून कळत नाही.

एक्केचाळीस मागितली. उत्तर नाही.
पुन्हा मागितली.
न्यायाधीशांकडे अर्ज करते म्हटल्यावर
शुक्रवारी, कचेरी बंद व्हायच्या वेळी, आली.

डोरोथिया रॅगबी, वय एक्क्याऐंशी.
त्यांची जबानी मला पाठ आहे:
"सुमारे तीस मीटर अंतरावरून, दिव्याच्या पुरेशा उजेडात,
सदर इसमाचा चेहरा मी स्पष्टपणे पाहिला."
सदर इसम!
कुठली म्हातारी असं बोलते?
वाक्य पोलिसाच्या पेनातून उतरलं,
खालची थरथरती सही तेवढी बाईंची.

आणि आता कानात, त्याच रात्रीचे अकरा वाजून सात.
धाप. कुठेतरी कुत्रं.
"लवकर या हो, पोराला मारतायत,
कोण ते नाही दिसत मला,
चष्मा खाली स्वयंपाकघरात राहिलाय..."

थांबवलं. मागे नेलं. चष्मा.
पुन्हा मागे. चष्मा.

आनंद झाला. अर्धा मिनिट असेल.
मग आठवलं, उलटतपासणीत
याच बाईंना उभं करायचंय मला.
त्या रस्त्यावर चौदा घरांच्या खिडक्या आहेत,
फोन एकट्या त्यांनी केला.
खोटं त्या बोललेल्याच नाहीत.
चष्माच कुणीतरी मधल्यामध्ये
त्यांच्या नाकावर चढवला.
आणि किरॉन?
तो तिथे होता की नव्हता,
ते या चार मिनिटांतही नाही.

शेवटचे काही सेकंद ऐकायचे राहिले होते.
पलीकडची मुलगी म्हणते, घरातच थांबा, दार उघडू नका.
बाई गप्प.
मग, जरा लाजल्यासारखं:
"जिन्यापर्यंत आलेच आहे मी.
त्याच्या अंगावर घालायला काहीतरी नेते."

दोन्ही याद्या पुन्हा चाळल्या, पहिल्यापासून.
पांघरुणाची नोंद कुठेच नाही.