वाइकेचा फोन

स्टॉकहोमच्या बँकेत अख्खी एक भिंत होती, लेलो सांगते,
बावन्न पडदे, प्रत्येक सेवेच्या पोटात एक हेर,
मिलिसेकंदाचाही हिशेब.
लाल दिवा लागला की आधी मीटिंग लागायची:
दिवा कोणाचा?
एकदा एक रेघ एकवीस दिवस सपाट होती.
सगळे म्हणाले, किती शांत चाललंय.
हेरच मेला होता.

इथे कुरेसारेत दोघंच. ती आणि उर्मास.
बेटावरच्या बोटीची तिकिटं विकणारं सॉफ्टवेअर,
खाली धुरी दिलेल्या माशांचं दुकान,
आणि देखरेख म्हणजे धक्क्यावरच्या खिडकीतली वाइके,
फोन करून एवढंच म्हणणारी:
"आज परत रखडतंय गं."
किती?
"पावाला लोणी लावून होतं, तेवढं."

उर्मासच्या वहीत नोंद आहे:
एक लोणी म्हणजे साधारण अकरा सेकंद.

गेल्या आठवड्यात फोन आला नाही.
सोमवारी नाही, मंगळवारी नाही.
उर्मास म्हणाला, बघ, तुझी दुरुस्ती लागू पडली.
लेलो हसली, कॉफी ओतू लागली
आणि ओतता ओतता थांबली.

खिडकीत कोणी नवाच पोरगा.
बर्फात रांग, पडद्यावर चक्र गरगरतंय.
वाइके? घसरली. खुब्याचं हाड. दवाखान्यात आहे.
मग तू का नाही कळवलंस?
तो म्हणाला,
मला वाटलं, हे असंच असतं.

त्या रात्री लेलोने कोडात तीन ओळी घातल्या,
एक साधं घड्याळ.
धोक्याची मर्यादा:
अर्धं लोणी.