कारणाचा रकाना

सांगे, नोंदणी कचेरी. वही नवी आहे,
प्रजासत्ताकाची. आम्हां हिंदूंनाही आता
सरकारी मरण मिळतं, आठ रकान्यांत.
नाव, बापाचं नाव, वाडा, वय अंदाजे,
आणि अगदी शेवटी, करंगळीएवढा रुंद:
कारण.

बुदो वेळीप पहाटे निघून उन्हं वर आल्यावर पोचतो.
"चली माझी. दिसाआड हुडहुडी भरायची.
काढा पाजला, देवाकडे कौल मागितला.
सोमवारी उठून बसली, पेज मागितली.
मंगळवारी नाही."
मी पोर्तुगीजमध्ये लिहितो: ताप.
तो धोतराच्या गाठीशी चाचपडतो, किती पडले?
मरणाला फी नाही, बुदो.
त्याला ते पटत नाही. एक चिबूड ठेवून जातो.

इनास पाथरवटाची रोझालीन: ताप.
शाणूचे जुळे: ताप, ताप.
डॉक्टर केप्याहून महिन्यातून एकदा येतो,
नदी चढली असेल तर तेही नाही.
क्विनाईनच्या पुड्या मोजतो आणि
न पाहिलेल्या नऊ प्रेतांखाली
एकच वळणदार सही करतो.

डिसेंबरात बेरीज. बोट खाली सरकताना
वाड्यांच्या रकान्यात अडखळलं.
डोंगरावर चार. बाजारात सहा.
चिरेखाणीच्या कडेला एकेचाळीस.
दोन वर्षं तिथून चिरे निघाले,
नव्या इस्पितळाच्या भिंतींना.
खड्डे तसेच राहिले, पाणी हिरवं होऊन बसलं.
संध्याकाळी तिथल्या गुरांच्या शेपट्यांना
विसावा नसतो.

मी त्या एकेचाळीस तापांना चिकटून,
जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरात लिहिलं: खाण.

वही तपासणीला मडगावला गेली, आली.
तांबडी पेन्सिल: "हा रोग नव्हे.
रकान्याचा मथळा नीट वाचावा."
खाली माझी एक व्याकरणाची चूकही दाखवली होती.
ती बरोबर होती.

दाढीच्या वस्तऱ्याने खरवडलं, एकेचाळीस वेळा.
खाणीबरोबर तापही थोडा निघाला,
तो पुन्हा लिहावा लागला.
कागद कांद्याच्या सालीसारखा झाला होता.
शाई पसरली, आरपार गेली,
आणि मागच्या कोऱ्या पानावर उमटली,
जिथे पुढल्या वर्षाची नावं
अजून यायची आहेत.