नेच्याला फांदी नसते

प्रणोती म्हणाली, काका, मला एक फांदी काढून दे की.
कळंब्याच्या फ्लॅटात बाथरूमला उत्तरेची खिडकी आहे,
ऊन येत नाही, ओल असते, तिथं बरा दिसेल.
मी कात्री घेतली. तीन चांगली पानं छाटली,
सॉसच्या बाटलीत पाणी भरून
लेथमागच्या कट्ट्यावर ठेवली.
शटर उचललं की आधी बाटली बघायची.
मनीप्लांटला फुटतात तशी पांढरी मुळं
आज फुटतील, उद्या फुटतील.
नवव्या दिवशी पाण्याला वास आला.
देठ काळे पडलेले, चहाच्या चोथ्यागत.

कागल रोडच्या नर्सरीत दस्तगीर मुजावर
हसला नाही, एवढं बरं केलं.
"मिस्त्री, नेच्याला फांदी नसतीया.
तुमी कापलासा ते नुसतं पान.
जीव खाली हाय, मातीत, आडवा पडलेला.
त्योच कापाय लागतोय."

आता हा नेचा कुणाचा, ते सांगायला हवं.
बारा वर्षांमागं उद्यमनगरातल्या शेडची वाटणी झाली.
दोन लेथ इकडं. मिलिंग आणि ड्रिल तिकडं.
व्हाइस मोजले, स्पॅनर मोजले,
एका मायक्रोमीटरवरून दोन दिवस गेले,
मग मधोमध पत्रा ठोकला.
टाकीखाली, गळतीच्या ओलीवर
ग्रीसच्या जुन्या डब्यात हा उभा होता.
कुणाच्याच यादीत आला नाही.
पत्र्याच्या खालच्या फटीतून
त्याची निम्मी पानं धाकट्याकडं गेली,
कुणाला न विचारता.

इंदू डबा द्यायला आली की
पानं उलटी करून फडक्यानं पुसायची.
खाली तपकिरी ठिपके, ओळीनं, शिवणीसारखे.
कीड म्हणायची. कडुलिंबाचं पाणी मारायची.
दस्तगीरचं ऐकून आले, तिला सांगितलं,
ती कीड नव्हं, ते त्याचं बी.
ती खाली बसली.
"आणि मी पुसून टाकलो की गा सगळं,
इतकी वर्षं."

रविवारी डबा उपडा केला.
माती जवळजवळ नव्हतीच.
मुळांनी डब्याचा आकार घेतलेला,
तळाची कडसुद्धा उमटलेली,
साचा फोडून काढलेल्या जॉबसारखी.
हॅक्सॉला नवं ब्लेड लावलं.
मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळण्यात जन्म गेला,
आणि इथं मध्य कुठं, ते कळेना.
बोटांनी चाचपलं. जाड, केसाळ, थंड काहीतरी
दोन्ही बाजूंना सारखंच पसरलेलं.
मग डोळे अर्धे मिटून ओढलं ब्लेड.
ओल्या दोरखंडासारखा आवाज आला.

पलीकडं ड्रिल चालू होतं, ते थांबलं.
मीही थांबलो.
बराच वेळ नुसता टाकीचा ठिबक.
मग ड्रिल परत सुरू झालं, थोडं, तीन वेळा,
आणि फटीतून एक रिकामा डबा
हळू सरकत इकडं आला.
तळाला तीन भोकं, सहा एमएमची,
सारख्या अंतरावर.
आतून बोट फिरवून बघितलं.
कुठं बर नाही. कडा कानशीनं मारलेल्या.
हे काम मी ओळखतो.
त्याला मीच शिकवलंय.

काथ्या, वाळू, कुजका पाला, वर पाणी.
निम्मा घरी आणला, मोरीच्या खिडकीत ठेवला.
निम्मा कळंब्याला गेला.
दोन्हीकडं पानं झडली, झाडून झाडून
इंदू कंटाळली. प्रणोतीचा फोन आला, काका, मेला वाटतं.
मी म्हटलं, पाणी घालत राहा.
दुसरं काय म्हणणार.

सव्वा महिना झाला.
दुपारी जॉब फिरत होता, टूलखालून
चिप सुटत होती, गोल गोल, निळसर, गरम,
तेव्हा खिशात फोन थरथरला.
फोटो. डब्याच्या मधोमध
तसंच काहीतरी वळलेलं, हिरवं,
अंगावर बारीक लव, अजून न उलगडलेलं.
चष्मा वर करून बघत होतो,
तेवढ्यात पत्र्यापलीकडं
धाकट्याचा फोन वाजला.