सहहिस्सेदार

मनामाच्या हॉटेलात, समुद्राकडच्या हॉलमध्ये
सत्तावीस खुर्च्या, सत्तावीस माईक,
प्रत्येक माईकच्या गळ्यात माझी पांढरी टेप,
पेनाने नंबर घातलेली.
मी आवाजाचा माणूस. इथल्या कागदावर टेक्निशियन,
गुहागरच्या कागदावर
कै. धोंडू राघो पाष्टे यांचे वारस, क्रमांक चौदा.

काचेपलीकडे आखात,
आधण ठेवावं आणि अजून उकळी नसावी तसं.
दहा वाजता युरोप बोलायला बसला.
इतक्या लांब का, मी विचारलं नाही.
घरचं भांडण कधी कधी
परक्याच्या ओसरीवर नीट भांडता येतं.

पहिला मुद्दा समुद्राखालच्या केबलींचा:
राखायच्या कुणी, पैसे घालायचे कुणी.
सव्वीस जण हो म्हणाले.
एकोणीस नंबरचा दिवा लागला,
म्हणाला, नाही.
विझला.

झालं. तिथून पुढे दुपारपर्यंत
सर्वानुमते हा शब्द हॉलभर
भिजत घोंगडं होऊन पडला,
आणि माझी सुई
कुणाच्याही भाषेत सारखीच लाल होत राहिली.

जेवणाच्या सुट्टीत सर्व्हिस लिफ्टपाशी
केबिन चारची दुभाषी अलेंका सिगारेट ओढत म्हणाली,
तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचा नकार बोलते आहे.
सहा जणांनी घातलेला नियम हा.
सहा जणांना एकमेकांचे डोळे दिसायचे.
मी म्हटलं, आमच्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
ती म्हणाली, आणि सहाव्याच्या मुखी?

मला उत्तर सुचलं नाही, कुंजुमोन आठवला.
गुदैबियाच्या खोलीत आम्ही सात.
एसी लावायचा तर सातांचं एकमत, असा आमचा कायदा;
त्याच्या सर्दीपायी एक अख्खा जून
सहा जण ओल्या चादरीवर जागे.
मग टेकबहादूर म्हणाला, पाच म्हणतील ते खरं.
पण त्या रात्री, मत घेण्याआधी,
आम्ही कुंजुमोनची खाट उचलून
दाराशी नेली, जिथे झोत पोचत नाही.
तो हो म्हणाला नाही. झोपला मात्र.

हे कुणी त्या हॉलमध्ये सांगायला हवं होतं.
मी कोण सांगणार? मला इथे मत नाही, व्हिसा आहे.
माझं काम, बोलणाऱ्याचा आवाज
शेवटच्या खुर्चीपर्यंत नेणं.
दिवसभर मी एकोणीसवर मनातून चिडलेला,
एकदा तर वाटलं, वायर ढिली करावी.

संध्याकाळी टेपा सोडवताना
एकोणीसच्या पॅडवर दोन ओळी दिसल्या, खरडलेल्या.
अलेंकाने वाचून दाखवल्या:
मसुदा काल रात्री अकराला हाती. चाळीस पानं.
आमच्या किनाऱ्याचं नाव कुठेच नाही.

मी पॅड तसंच ठेवलं.
माझ्या ट्रंकेत चौदा महिने एक पाकीट आहे.
सामाईक विहीर, दुरुस्ती आणि पंप,
बावीस वारस, एकवीस सह्या.
चौदाव्या ओळीपुढे पेन्सिलीची फुली,
बाजूला तलाठ्याच्या नाही, चुलतभावाच्या अक्षरात
येथे सही करणे.
येथे.
जणू मी बोटाचा ठसा, बाकी काही नाही.
तेव्हापासून तिथे कठडा खचतोय,
वसुधावहिनी खालच्या वाडीतून पाणी आणते,
आणि गावात सगळे म्हणतात, बहारीनवाला माजला.
म्हणोत. थोडा माजलोही होतो.

नकाराच्या हाती सगळी विहीर नसावी,
हे मला आज पटलं, दुसऱ्यांच्या केबलींवरून.
पण बावीस नावांत आधी चौदावं
कुणी तरी मोठ्याने वाचावं,
आणि सह्या मोजायला नंतर बसावं.

रात्री दहाला फोन लावला. तिकडे साडेबारा.
भाऊ दचकला, म्हणाला, कोण गेलं?
मी म्हटलं, कुणी नाही रे.
आधी सांग,
पंप कुठल्या अंगाला बसवणार आहात?